गाळलेली मावशी

झेलिग बिर्नबाउमला दोन मावश्या होत्या, आणि दोघींपैकी एकही त्याच्या आईची बहीण नव्हती. त्यातली एक त्याने एकोणीस वर्षांपूर्वी गाळून टाकली. वेळ पुरत नव्हता म्हणून.

झालं ते असं. झेलिगने इस्रायलमधल्या हैफामध्ये जन्मभर फ्रिज दुरुस्त केले. डोंगरउतारावरच्या निम्म्या शहराचे फ्रिज त्याने आतून पाहिले होते, आणि त्यामुळे माणसांबद्दलचं त्याचं मत चांगलं झालं नसलं तरी अगदी वाईटही नव्हतं. तो निवृत्त झाला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, आता शाळांमधून जा. तुम्ही लोकांनी नाही सांगितलं तर मुलांना सांगणार कोण?"

तुम्ही लोक म्हणजे ज्यूंच्या त्या संहारातून जिवंत निघालेले लोक. झेलिग गेला. पहिल्याच शाळेत त्याने सुरुवातीपासून सुरुवात केली, म्हणजे रुमानियातल्या बुकोविना प्रांतातल्या आपल्या गावापासून, गावातल्या गल्लीपासून, गल्लीतल्या शेजाऱ्यांपासून. गाव सोडून सगळे नदीपलीकडे हाकलले गेले, पहिला बर्फ पडला, आणि घंटा झाली. सदतीस मुलांनी "थँक यू" म्हटलं आणि ती सँडविच खायला पळाली. एक्केचाळीस सालच्या डिसेंबरात झेलिग एकटाच उभा राहिला.

अशी तक्रार एकट्या त्याचीच नव्हती. म्हणून वस्तीतल्या आठवण-केंद्राने म्हाताऱ्यांसाठी वर्ग काढला : आपली हकीकत मुलांना कशी सांगावी. शिकवायला शुला होती, शाळेत नाटक बसवायची ती. गळ्यात चष्मा, हातात घड्याळ.

"चाळीस मिनिटं," शुला म्हणाली. "त्यात गाव पाच मिनिटं, नदी पाच, आई आठ. आईला दहा देऊ नका, मुलं रडायला लागतात आणि मग पुढचं ऐकत नाहीत. आणि झेलिग, तुमच्या गोष्टीत माणसं फार आहेत. दोन मावश्या काय करायच्यात? मुलांचा गोंधळ होतो. एक करा."

झेलिगने एक केली.

खरं म्हणजे दोघी एका गोठ्याच्या दोन टोकांना निजणाऱ्या बायका होत्या. द्निस्टर नदीपलीकडच्या त्या मोडक्या गावात, रुमानियन शिपायांच्या पहाऱ्यात, एकेका गोठ्यात तीस-तीस माणसं कोंबली होती. बापाला रस्त्याच्या कामावर नेलं आणि आई तापाने गेली, तेव्हा सहा वर्षांच्या झेलिगला क्लारा हाताला धरून आपल्या कोपऱ्यात घेऊन आली. क्लारा शाळामास्तरीण. तिने कोळशाने भिंतीवर अक्षरं काढून त्याला वाचायला शिकवलं. ती कधी ओरडली नाही. तिचे केस त्या गोठ्यातही विंचरलेले असायचे. अशी मावशी कुणालाही सांगायला आवडेल.

दुसरी फ्रुमा. फ्रुमा या नावाचा अर्थ देवभोळी बाई, आणि तेवढा एक विनोद तिच्या आईबापांनी केलेला होता. फ्रुमा जत्रेजत्रेतून सुया विकायची. गावातून हाकललं तेव्हा लोकांनी भांडी घेतली, फोटो घेतले, कुणी भिंतीवरचं घड्याळ घेतलं. फ्रुमाने घागऱ्याच्या नेफ्यात चारशे सुया शिवून घेतल्या. पलीकडच्या खेड्यांत सुई मिळत नव्हती. एका सुईला दोन मुठी पीठ. त्या पिठावर त्या कोपऱ्यात तीन माणसं जगली. पीठ देताना फ्रुमा दर वेळी हिशेबाने एक चापटही द्यायची. झेलिग पहिल्यांदा कोपऱ्यात आला तेव्हा ती म्हणाली होती, "आणखी एक तोंड! मास्तरीणबाई, ह्याला काय खायला घालणार? तुमच्या कविता?"

आणि मग तो कोट.

चाळीस मिनिटांच्या गोष्टीत कोट असा होता : त्या भयंकर हिवाळ्यात क्लारामावशीने अंगावरचा कोट काढून झेलिगला दिला. या जागी मुलं नेहमी गप्प व्हायची. बाईंच्या पर्सा उघडायच्या, रुमाल निघायचे. झेलिगने हा कोट तीनशेवर शाळांत, दोन लष्करी तळांवर आणि एकदा महापौरांसमोर दिला होता.

क्लाराला कोट नव्हताच. तिच्याकडे एक शाल होती.

इतकी वर्षं ते चाललं, कारण चालण्यासारखं होतं. क्लारा लढाईनंतर इकडे आली, बात-याममध्ये राहिली, एकाहत्तर साली वारली. तिच्या कबरीला दगड आहे, दगडावर नाव आहे, नावावर दरवर्षी भाच्या येऊन ज्यूंच्या रीतीने खडे ठेवतात. फ्रुमाचं झेलिगला आडनावही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या हिवाळ्यात उरलेल्या सुया घेऊन ती हद्दीबाहेर गेली आणि आली नाही. जगात तिला ओळखणारा एकच माणूस उरला होता, आणि त्याने तिला वेळेअभावी काढून टाकलं होतं. पण रोज सकाळी उठल्यावर झेलिग स्वतःला सांगायचा की अजून आपण आहोत. आहोत तोवर कधीही सांगता येईल.

मग यंदा नित्सानने घोळ घातला.

नित्सान त्याची नात, सतरा वर्षांची, एकदा मनावर घेतलं की सोडायची नाही. आठवण-केंद्राने नवी कल्पना काढली होती. म्हातारे संपत आले होते. केंद्राच्या पत्रकात हे जरा बऱ्या शब्दांत लिहिलं होतं. म्हणून प्रत्येक म्हाताऱ्याची हकीकत एका तरुण मुलाने किंवा मुलीने शिकून घ्यायची आणि पुढे आयुष्यभर सांगायची. नित्सानने आजोबांना घेतलं. तिने त्याच्या जुन्या कॅसेटी ऐकल्या, कार्डांवर मुद्दे लिहिले, बसमध्ये पाठ केलं. संहाराच्या स्मृतिदिनाच्या आदल्या संध्याकाळी शेजारणीच्या दिवाणखान्यात ती पहिल्यांदा सांगणार होती, केंद्राचा माणूस त्याचं चित्रण करणार होता, आणि ते चित्रण मग देशभरच्या शाळांत जाणार होतं. कायमचं.

'कायमचं' हा शब्द ऐकल्यापासून झेलिगची झोप उडाली. त्याने आठवड्यापूर्वी प्रयत्न करून पाहिला होता.

"नित्सान, एक बाई राहिली आहे."

"कुठली बाई?"

"होती एक. गोठ्यात."

"आजोबा, गोठ्यात तीस जणं होती, तूच सांगतोस. सगळ्यांना कुठे बसवू? माझी एकोणचाळीस मिनिटं झालीत." आणि तिने त्याच्या गालाचा मुका घेतला, आणि तो म्हणाला, जाऊ दे.

दिवाणखाना तिसऱ्या मजल्यावरच्या माझल अबुतबुलचा होता. माझलचे आईवडील मोरोक्कोचे. केंद्राच्या सूचनापत्रात लिहिलं होतं, 'पाणी ठेवावे. प्रसंगाचे गांभीर्य पाहता खाद्यपदार्थांचा आग्रह नको.' माझलने ते दोनदा वाचलं होतं.

"आग्रह कोण करतंय?" ती दारातच झेलिगला म्हणाली. "मी नुसतं स्वयंपाकघरात ठेवलंय. रव्याचा केक आहे, तिळाची बिस्किटं आहेत. चाळीस माणसं माझ्या घरी येऊन पाणी पिऊन जाणार? माझी आई कबरीतून उठून येईल. तुम्ही का असे पांढरे पडलाय हो? जेवलात ना?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

झेलिग तिच्या बाजूने पुढे सरकला. आत ज्यूंच्या प्रार्थनाघरातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, तरुण मंडळी जमिनीवर बसली होती, लष्करातून सुटीवर आलेला एक लांबलचक पोरगा भिंतीला टेकून होता. कोपऱ्यात कॅमेरा तीन पायांवर उभा होता. पहिल्या रांगेत शुला बसली होती. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची, चष्मा तसाच गळ्यात, घड्याळ तसंच हातात. तिच्या शेजारची खुर्ची झेलिगसाठी राखली होती.

साठ लाख मेलेल्यांसाठी सहा मेणबत्त्या लागल्या. नित्सान उभी राहिली.

ती इतकं छान सांगत होती की झेलिगला भीतीच वाटली. गाव पाच मिनिटांत झालं आणि झेलिगला आपलं गाव त्याआधी इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. नदी झाली. आईपाशी ती एक क्षण थांबली, बरोबर जिथे झेलिग थांबायचा तिथेच, पण त्याला तिथे श्वास लागायचा म्हणून तो थांबायचा. शुलाने घड्याळ पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मग क्लारामावशी आली, केस विंचरून. भिंतीवर अक्षरं उमटली. क्लारामावशी सुया विकायला लागली, पीठ आणायला लागली. मास्तरणीने सुया कुठून आणल्या, हा प्रश्न एकोणीस वर्षांत एकाही मुलाने विचारला नव्हता.

"आणि मग हिवाळा आणखी कडक झाला," नित्सान म्हणाली. "आणि एका सकाळी क्लारामावशीने आपल्या अंगावरचा कोट काढला..."

झेलिगच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारी क्लारा, त्याच्या मनात आलं, एवढ्या थंडीत. आणि दुसऱ्याच क्षणी त्याला धक्का बसला. तो स्वतःच विश्वास ठेवत होता! आणखी दोन मिनिटं, आणि फ्रुमाला ओळखणारं जगात कुणीही उरणार नव्हतं. तोसुद्धा नाही.

तो उभा राहिला. खुर्ची मागे सरकून कुणाच्या तरी पायावर गेली.

"तो कोट क्लाराचा नव्हता," तो म्हणाला.

नित्सान थांबली. "आजोबा?"

"चोरलेला होता."

दिवाणखान्यात असं शांत झालं की स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू आला. झेलिगला वाटलं, मोटर जरा जड चालते आहे. माझलला सांगायला हवं.

"बंद करू का?" कॅमेरावाल्याने शुलाला विचारलं.

"हात लावू नका त्याला," झेलिग म्हणाला. मग त्याने सांगितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला पुढचं वाक्य माहीत नव्हतं, त्यामुळे तो अडखळत, मागे-पुढे करत बोलत होता. शेजारच्या गोठ्यात एक म्हातारा होता, त्याच्याजवळ आतून मेंढीचं कातडं लावलेला कोट होता. म्हाताऱ्याचा मुलगा बारा-तेरा वर्षांचा. एका सकाळी मुलगा पाणी आणायला गेला आणि तेवढ्यात म्हातारा मेला. फ्रुमा नावाची एक बाई होती. तिला हे कसं कळलं देव जाणे, पण मुलगा बादली घेऊन परत येईपर्यंत कोट त्यांच्या कोपऱ्यात आला होता, उलटा करून, आणि त्याच्या आत झेलिग होता.

"मुलगा आला. विचारायला लागला, कोट पाहिला का, कोट पाहिला का. फ्रुमाने आईची शपथ घेऊन सांगितलं, नाही पाहिला. वर त्यालाच शिव्या दिल्या, बापाला एकटं सोडून गेलास म्हणून. मी कोटाच्या आत होतो. त्याला माझे पाय दिसत होते. मी काही बोललो नाही. मला ऊब लागत होती."



"आणि क्लारा?" नित्सानने हळू विचारलं. तिच्या हातातली कार्डं खाली गेली होती.

"तिने तोंड फिरवलं. मग संध्याकाळी तोच कोट माझ्या मापाचा कापला. कात्री नव्हती, काचेने कापला. सुई फ्रुमाची. दोघींनी बसून शिवला."

भिंतीला टेकलेला लष्करी पोरगा म्हणाला, "तो मुलगा वाचला का?"

"माहीत नाही," झेलिग म्हणाला. "पुढच्या वसंतात त्याला एकदा पाहिला होता, लांबून. चालत होता. त्यानंतर माहीत नाही. दवाखान्याच्या रांगेत माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा कुणी दिसला की मी अजून त्याच्या कोटाकडे बघतो. हैफामध्ये कोट कोण घालतो? तरी बघतो."

तो खाली बसला. आता लोक उठून जातील, असं त्याला वाटलं. कुणी उठलं नाही. पण नित्सानचा चेहरा लाल झाला होता.

"म्हणजे मला तू तीन महिने खोटं शिकवलंस?"

"खोटं नाही गं. आटोपशीर."

"आजोबा!"

"हिला विचार," झेलिगने शुलाकडे बोट दाखवलं. हे बोट तो एकोणीस वर्षं मनात दाखवत आला होता. "हीच म्हणाली, दोन मावश्या फार होतात. एक करा."

सगळ्या माना शुलाकडे वळल्या. शुलाने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "कुठली गाळायची, ते नव्हते म्हणाले."

 एवढं साधं वाक्य, आणि झेलिगला ते कधी सुचलं नव्हतं. शुलाने फक्त कातर दिली होती. चांगली मावशी ठेवून लाज वाटणारी त्याची त्यानेच कापली होती.

"मला वाटलं," तो शेवटी म्हणाला, "पोरं म्हणतील, असल्या बाईने वाचवलं याला. आणि हाही तसलाच."

"म्हणालं का कुणी?" दारात उभ्या असलेल्या माझलने विचारलं. तिच्या हातात केकचं ताट होतं. ते कधी आलं हे कुणाला कळलं नव्हतं. "म्हणा रे कुणाला म्हणायचं असेल तर. मग बघते."

कुणी म्हणालं नाही. नित्सान मात्र अजून उभीच होती. तिने हातातली कार्डं चाळली, त्यातली दोन-तीन काढून शेजारच्या मुलीकडे दिली. मग आजोबांना म्हणाली, "तिने त्या मुलाला नक्की काय शिव्या दिल्या?"

"ते काय करायचंय तुला?"

"मला सांगायचंय ना! नुसतं 'शिव्या दिल्या' असं कसं सांगू? चांगली बाई कशीही सांगता येते. ही नाही येणार."

"त्याला दिल्या त्या आठवत नाहीत. मला द्यायची त्या आठवतात."

"मग त्या सांग."

झेलिगने कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग शुलाकडे. शुलाने घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं.

"ती म्हणायची, 'अरे गाढवा, नव्वद वर्षं जगशील आणि नव्वद वर्षं तुझं नाक पुसायला कुणीतरी लागेल!'"

मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. मग नित्सानला हसू फुटलं, कारण झेलिग खरोखरच त्या क्षणी माझलने दिलेल्या कागदी रुमालाने नाक पुसत होता. मग सगळेच हसले. स्मृतिदिनाच्या आदल्या संध्याकाळी हैफातल्या एका दिवाणखान्यात चाळीस माणसं हसली, आणि केंद्राच्या माणसाने ते सगळं चित्रित केलं. सूचनापत्रात हसण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं; तसं कुणाच्या डोक्यातच आलं नसावं.

"पुन्हा गोठ्यापासून," नित्सान म्हणाली, आणि तिने पुन्हा सुरुवात केली. ती चुकत होती. फ्रुमाला तिने उंच केलं. फ्रुमा बुटकी होती, झेलिगने दुरुस्त केलं. पिठाच्या मुठी तीन केल्या, त्याने दोन करायला लावल्या. सुयांची गोष्ट आता नीट लागली, एका मुलीने चक्क "तरीच!" म्हटलं. आणि बादली घेऊन आलेल्या मुलापाशी नित्सान थांबली. तिथे झेलिग कधी थांबला नव्हता. तिने खोलीभर पाहिलं आणि म्हणाली, "याचं नाव आम्हाला माहीत नाही." आणि मग पुढे गेली.

झेलिगने खुर्चीत पाठ टेकली. खुर्चीला पाठ असते हे त्याला त्या संध्याकाळी नव्यानेच कळलं. माझलने त्याच्या मांडीवर केकची बशी ठेवली. आग्रह नाही, ती म्हणाली, नुसतं ठेवलंय. त्याने दोन तुकडे खाल्ले.

कार्यक्रम संपला तेव्हा लोक त्याच्याभोवती जमले. लष्करी पोराला फ्रुमा कशी दिसायची ते हवं होतं. एका बाईला सुया घागऱ्यात टोचत नसत का, हे. केंद्राच्या माणसाला तिचं आडनाव; ते नव्हतं. मग त्याने केंद्राच्या अर्जावर 'आडनाव'च्या जागी रेघ मारली, 'व्यवसाय'च्या जागी 'सुया' लिहिलं आणि 'नातं' विचारलं. "मावशी," झेलिग म्हणाला. क्लाराबद्दल कुणीच काही विचारलं नाही. क्लाराने केस विंचरत मनात म्हटलं असेल, चला, एकोणीस वर्षांनी जरा विश्रांती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला स्मृतिदिनाचा भोंगा वाजला तेव्हा झेलिग भाजीवाल्याच्या दुकानासमोर होता. रस्ता थांबला. बस थांबली, ड्रायव्हर खाली उतरून उभा राहिला. भाजीवाला हातात कोबी घेऊन उभा. दोन मिनिटं कुणी हलायचं नाही. दरवर्षी या दोन मिनिटांत झेलिग आईला बोलवायचा, बापाला, क्लाराला. आणि मग घाईघाईने आपल्या बुटांकडे बघायचा, कुणी चौथं येऊ नये म्हणून.

यंदा त्याने मान वर ठेवली. ती आलीच. बुटकी, कमरेवर हात, नेफा सुयांनी जड. एवढ्या वर्षांनी भेटल्यावर माणूस काहीतरी गोड बोलेल, तर तसलं काही नाही. उन्हात टोपी न घालता उभा राहिला म्हणून तिने त्याला जे काय सुनावलं, ते ऐकून झेलिगचे ओठ हलायला लागले. त्याने ते आवळून धरले. शेजारच्या बाईने त्याच्याकडे असं पाहिलं, की भोंग्याच्या वेळी हसणारा म्हातारा तिने जन्मात पाहिला नसावा. झेलिगला तिला समजावून सांगावंसं वाटलं, पण हलायचं नव्हतं.

भोंगा उतरत उतरत थांबला. बस निघाली. भाजीवाल्याने कोबी तराजूत ठेवला. झेलिगने खिशातून फोन काढला आणि नित्सानला लावला.

"आजोबा, काय झालं? मी शाळेत आहे."

"काल एक शिवी राहिली," झेलिग म्हणाला. "आत्ता आठवली. फार सुंदर आहे."

"थांब," नित्सान म्हणाली, "पेन घेते."